"मला काही नको" म्हणणाऱ्या पुरुषांसाठी गिफ्ट कसं शोधायचं: पहिल्या निरीक्षणापासून बिल जपण्यापर्यंत

"बाबांच्या वाढदिवसाला काय घेऊ गं?", "सासऱ्यांची साठी आलीय, काहीच सुचत नाही", "नवरा म्हणतो माझ्याकडे सगळं आहे". मैत्रिणींकडून, ऑफिसातल्या पोरांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सगळं क्रमाने लिहिते. कारण चूक सगळ्यांची एकाच जागी होते, आधी दुकानात जातात किंवा ॲप उघडतात आणि मग समोर जे दिसतं त्यातलं काय आपल्या माणसाला चालेल ते शोधतात. मग काय, शर्ट, परफ्यूम नाहीतर बेल्ट-वॉलेटचा सेट. आणि तो सेट दोन वर्षांनी कपाट आवरताना प्लास्टिकसकट सापडतो.

क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग वस्तू, मग माप, मग पैसे आणि दुकान सगळ्यात शेवटी. हातात निदान तीन-चार आठवडे हवेत. दोन दिवसांवर वाढदिवस आला असेल तर सरळ सातव्या टप्प्यावर जा.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. "मला काही नको" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. मुलांच्या फिया, फ्लॅटचा हप्ता, आजारपणं यात स्वतःचा नंबर शेवटी लावायची सवय इतकी लागलेली असते की आपल्याला कशाचा त्रास होतोय हे त्याला जाणवतच नाही. तो भागवून घेत असतो. आपल्याला शोधायचंय ते हे भागवून घेणं.

टप्पा १: पंधरा दिवस नुसतं बघा, विचारू नका

"काय हवंय तुम्हाला?" हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर ठरलेलं आहे, "उगाच खर्च करू नकोस", आणि शिवाय माणूस सावध होतो.

त्याऐवजी घरात रबरबँड, सेफ्टी पिन, सेलोटेप, फेविक्विक आणि घडी घालून खाली सरकवलेला पुठ्ठा शोधा. जिथे हे दिसेल तिथे काहीतरी मोडलंय आणि त्याने ते चालवून घेतलंय. जागा ठरलेल्या असतात: बाथरूमची फळी, चपलांचा स्टँड, उशाशी ठेवलेल्या वस्तू, स्कूटरची डिकी, त्याची नेहमीची खुर्ची आणि ऑफिसची बॅग.

माझ्याच घरातलं सांगते. नवरा रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला जातो. त्याला नवी सॅक हवीय असं तो कधीही म्हणाला नाही. पण एका रविवारी मी त्याची सॅक धुवायला घेतली तेव्हा बघितलं, चेनचा मधला खटका तुटलेला, त्यात किल्लीची रिंग ओवलेली. एका पट्ट्याचं बकल सरकत होतं म्हणून पट्ट्याला गाठ मारलेली. बाजूचा जाळीचा कप्पा फाटलेला, त्यामुळे पाण्याची बाटली आत, लॅपटॉपला चिकटून, आणि भिजू नये म्हणून बाटलीला दुधाची पिशवी गुंडाळलेली. म्हणजे मला काय घ्यायचं एवढंच नाही, कसं घ्यायचं तेही कळलं: जाड चेन, न सरकणारं बकल, बाटलीचा कप्पा बाहेर आणि तो शिवणीत पक्का, आणि आकार जुन्या सॅकएवढाच कारण गर्दीत ती पुढे छातीवर लावून उभं राहायचं असतं. नुसती "चांगली ब्रँडेड सॅक" म्हणून घ्यायला गेले असते तर मोठी, भरपूर कप्पे असलेली घेतली असती आणि गाडीत तिचा त्रासच झाला असता.

बघण्याइतकंच ऐकायचं. "हे आता कुठे मिळत नाही", "पूर्वी मी पेटी वाजवायचो", "बघू नंतर" ही तीन वाक्यं ऐकली की लगेच फोनमध्ये नोंद करा, तारखेसकट. डोक्यात ठेवू म्हणाल तर राहत नाही.

आईला विचारायचं असेल तर "त्यांना काय आवडेल" असं नका विचारू, तिलाही माहीत नसतं. "सकाळी कशावरून कुरकुर करतात?" असं विचारा. सकाळी ठाण्यातल्या कचराळी तलावावर किंवा उपवनला फिरायला जाणारे असतील तर सोबतचे काका-लोक फार उपयोगी पडतात, घरात न बोललेलं तिथे बोललेलं असतं.

तपासा: नोंदीत निदान पाच गोष्टी आहेत का, आणि त्यातल्या दोन तरी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यात का? नसतील तर अजून आठवडाभर थांबा.

टप्पा २: यादीला चाळणी लावा

प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे.

यासाठी त्याला सवय बदलावी लागेल का? लागणार असेल तर बहुतेक वेळा ती वस्तू पडून राहते. रोज सकाळी चहाआधी एचएमटीच्या घड्याळाला चावी देणाऱ्या माणसाला स्मार्टवॉच दिलं तर तुम्ही त्याची सकाळच काढून घेता.

दुसरा प्रश्न, हे सांभाळणार कोण? चार्जिंग, ॲप, पासवर्ड, फिल्टर बदलणं, दर वर्षी रिन्यूअल. त्या घरात हे करणारं कोणी नसेल आणि तुम्ही लांब, खारघरला वगैरे राहत असाल तर ती वस्तू नको.

सावधान: बीपी मशीन, गुडघ्याचा पट्टा, वजनकाटा, काठी. गरज असेल तर जरूर आणा, पण एखाद्या साध्या मंगळवारी आणा. वाढदिवसाला किंवा रिटायरमेंटला नको. त्या दिवशी त्या डब्यातून "तुम्ही म्हातारे झालात" एवढंच ऐकू येतं.

टप्पा ३: नवीन घ्यायचं की जुनं दुरुस्त करायचं, हे ठरवा

हा टप्पा बहुतेक लोक पूर्ण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात चांगली गिफ्टं इथेच सापडतात. काही पुरुषांचा जीव ठराविक वस्तूत अडकलेला असतो, तिथे नवी वस्तू म्हणजे जुनीची हकालपट्टी वाटते. अशा ठिकाणी दुरुस्ती हीच गिफ्ट.

काय काय करता येतं बघा: चावीच्या घड्याळाचं सर्व्हिसिंग, वेताच्या खुर्चीचं विणकाम, हार्मोनियमचं ट्यूनिंग, तबल्याची पुडी बदलणं, जुन्या कॅसेटमधली आजीची ओवी किंवा कुणाचं भाषण पेन ड्राइव्हवर उतरवून घेणं, अल्बममधले फोटो स्कॅन करणं.

घड्याळाच्या बाबतीत क्रम असा. आधी घड्याळाचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा. दुकानदाराला स्पष्ट सांगा, डायल बदलायची नाही, डायलला रंग द्यायचा नाही, केसला पॉलिशही नको, फक्त मशीन उघडून साफ करून तेल द्यायचं आणि काच खराब असेल तर काच. हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं आणि घड्याळ नव्यासारखं चकचकीत होऊन परत येतं, मग ते बाबांचं घड्याळ राहत नाही. पट्टा बदलायचा असेल तर जिथे पट्टा बसतो त्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, पुरुषांच्या घड्याळांत ते साधारण १८, २० किंवा २२ असतं. एका मिलिमीटरने चुकलं तरी पट्टा नीट बसत नाही.

फोटोंचं: जुने लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, ३०० वर केले तर मोठे छापताना फुटतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, मागचा थर फाटतो. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. आणि फोटोत कोण आहे ते आईला, आत्याला विचारून नावं लिहून ठेवा, पुढे ते सांगायला कुणी नसतं.

सावधान: रोज वापरातली वस्तू गुपचूप दुरुस्तीला नेऊ नका. दोन दिवस घर डोक्यावर घेतील आणि कामवाल्या मावशींवर संशय जाईल. गावाला गेले असतील तेव्हा न्या, नाहीतर घड्याळ असेल तर "पट्टा बदलून आणते" म्हणून मागून न्या.

टप्पा ४: मापं घ्या, अंदाज नको

इथे घाई करू नका. वस्तू बरोबर आणि माप चुकीचं म्हणजे गिफ्ट फुकट, कारण हा माणूस "घट्ट होतंय" असंही सांगणार नाही, नुसतं घालणार नाही.

शर्ट: कपाटातला नाही, दोरीवरचा बघा. जो दर आठवड्याला धुवायला पडतो तो त्याच्या मापाचा. फॉर्मल शर्टवरचे ३९, ४०, ४२, ४४ हे आकडे म्हणजे कॉलरचं सेंटिमीटरमधलं माप. एम, एल, एक्सएल प्रत्येक ब्रँडचं वेगळं, त्यावर जाऊ नका. शर्टची बटणं लावून पलंगावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा, हे माप दुकानदाराला सांगा. अंगात असताना पोटाजवळचं बटण ओढलेलं दिसत असेल तर एक साइज वर.

शर्टपीस: फुल शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) कापड साधारण सव्वादोन मीटर आणि ५८ इंच पन्ह्याचं साधारण १.६० मीटर लागतं, अंगाने मोठा माणूस असेल तर शिंप्याला विचारून जास्त घ्या. आणि हे फार महत्त्वाचं, शर्टपीससोबत शिलाईचे पैसे त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे आधीच भरून ठेवा. नुसता पीस दिला की तो पुढे कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून जातो.

बूट, चपला: नंबर बघून घेऊ नका, काही कंपन्या यूके नंबर लिहितात, काही युरोपियन, यूके ८ म्हणजे युरोपियन साधारण ४२. रोजची चप्पल वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलने कड काढून घ्या आणि तो कागद दुकानात न्या. पण खरं सांगू, बुटांच्या बाबतीत सरप्राइज सोडून द्या. "चला बाबा, मला चप्पल घ्यायचीय" म्हणून सोबत न्या आणि तिथे त्यांना घालून बघायला लावा. संध्याकाळी न्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा राहिली पाहिजे.

बेल्ट: जुन्या बेल्टचं बकलच्या मुळापासून रोजच्या भोकापर्यंतचं अंतर इंचात मोजा. नव्या बेल्टमध्ये हे अंतर मधल्या भोकाला यायला हवं.

वॉलेट: यात मी स्वतः चुकलेय. बाबांचं पाकीट फुगलेलं, रबरबँड लावलेलं, म्हणून छान पातळ लेदरचं घेतलं. आठ महिने ते ड्रॉवरमध्ये. मग एकदा त्यांच्यासोबत बसून जुनं पाकीट टेबलावर रिकामं केलं: विठ्ठलाचा फोटो, आईचा लग्नाआधीचा पासपोर्ट साइज फोटो, आधारची झेरॉक्स, चार पावत्या, एक सुटी किल्ली, आणि सुटे पैसे, भरपूर सुटे पैसे. पातळ पाकिटात नाण्यांना कप्पाच नव्हता. पाकीट घ्यायचं तर आधी आतलं सामान मोजा.

तपासा: सगळी मापं फोनमधल्या त्याच नोंदीत लिहिली का? कागदावर लिहिलेली दुकानात आठवत नाहीत.

टप्पा ५: बजेट

फार लांबड नको. मोठ्या प्रकारातली स्वस्त वस्तू घेण्यापेक्षा छोट्या प्रकारातली उत्तम घ्या. आठशे रुपयांत घड्याळ साधारणच मिळेल, पण आठशेत मजबूत छत्री मिळते, उत्तम टॉर्च मिळतो. वरची मर्यादा त्याच्या मनाने ठरवा, तुमच्या पगाराने नाही. हातात घेतल्याबरोबर "केवढ्याला पडलं?" येणार आहे, आणि आकडा त्याला टोचला तर तो ती वस्तू जपून ठेवेल, वापरणार नाही. साठी किंवा रिटायरमेंटसारखं निमित्त असेल तर भावंडांनी मिळून एकच गोष्ट घ्या. राज्य सरकारी नोकरीत बहुतेक लोक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे तारीख कितीतरी आधी माहीत असते, सहा महिने आधी भावंडांशी बोलून ठेवा.

टप्पा ६: आता दुकान

ठाण्यात कपडे, चपला, घड्याळांसाठी राम मारुती रोड आणि गोखले रोड, पण वीकडेला दुपारी बाराच्या आत जा. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला तुमचं माप ऐकायलाही वेळ नसतो. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी तर तिकडे फिरकूच नका, राम मारुती रोडपासून तलावपाळीपर्यंत पोरापोरींची गर्दी असते. घरगुती सामानाला जांभळी नाका. नवी मुंबईत वाशी सेक्टर १७, आणि घालून बघायचं असेल तर सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरचा मॉल सोयीचा, पावसात बाहेर पडावंही लागत नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर एक हिशोब आधी करा, तो कुणीच करत नाही. रिटर्नची मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासून चालू होते, वाढदिवसापासून नाही. सात दिवसांची मुदत आहे आणि तुम्ही हुशारी करून पंधरा दिवस आधी मागवलंत, तर गिफ्ट उघडायच्या आत मुदत संपली. डिलिव्हरी दोन-तीन दिवस आधी पडेल अशी ऑर्डर करा. पार्सल आलं की स्वतः उघडून चालू करून बघा.

बिल घ्याच, नाव आणि तारखेसकट. वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. "माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असली तरी सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. पण हे सदोष मालाचं झालं. साइज बदलून देणं, रंग बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं, म्हणून पैसे द्यायच्या आधी विचारा आणि बिलावरच "१५ दिवसांत बदली" असं काहीतरी लिहून घ्या.

टप्पा ७: छंदवाला माणूस, आणि वस्तू नकोच असलेला माणूस

छंद असलेल्याला मुख्य वस्तू कधीही घेऊ नका. कॅमेरा, ट्रेकिंगचे बूट, सायकल, तबला यात त्याला तुमच्यापेक्षा शंभरपट कळतं आणि त्याने तीन वर्षं मनात एकच मॉडेल ठरवलेलं असतं. संपणारं आणि झिजणारं घ्या. दादा दर पावसाळ्यात येऊरपासून सह्याद्रीपर्यंत भटकतो, त्याला मी चांगले मोजे आणि हेडलॅम्पचे सेल देते, त्याने ते कधीच पडून राहू दिले नाहीत. बागवाल्याला कटर आणि कोकोपीट, सायकलवाल्याला चेनचं तेल, फोटोवाल्याला मेमरी कार्ड. घ्यायच्या आधी त्याच्याकडच्या वस्तूचा फोटो काढून तोच ब्रँड, तोच नंबर घ्या.

वस्तू नकोच असेल तर नाटकाचं तिकीट. गडकरी रंगायतन तलावपाळीला, स्टेशनवरून चालत जाता येतं. घाणेकर नाट्यगृह हिरानंदानी मेडोजला, तिथे येताना रिक्षाचं बघून ठेवा. वाशीकरांना विष्णुदास भावे. कडेची सीट घ्या, गुडघे दुखणाऱ्याला मधून उठून जायला संकोच वाटतो आणि तो दोन अंक तसाच बसून राहतो. आणि तिकीट दोन काढा, एकट्याने जाणार नाहीत.

एप्रिल-मेमधला वाढदिवस असेल तर हापूसची पेटी. वाशीच्या एपीएमसी फळबाजारातून आणा किंवा ओळखीच्या बागायतदाराकडून. २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी, तेव्हा आंबा कुठला ते विचारून घ्या. पेटी थोडी कच्ची घेतली तर घरी आढी घालून आठवडाभर रोज बघायचं काम बाबांना मिळतं, ते त्यांना खाण्याइतकंच आवडतं. शुगर असेल तर मात्र पेटी नको, पुढ्यात ठेवून खाऊ नका म्हणणं वाईट.

टप्पा ८: देताना

आदल्या रात्री टॅग काढा, चार्ज करा, सेल घाला, पट्टा त्यांच्या मापाला लावा. "नंतर बसवून देते" म्हटलेली वस्तू खोक्यात राहते. बिल आणि टॅग एका पाकिटात घालून स्वतःकडे ठेवा.

पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये उघडायला लावू नका. असे पुरुष चारचौघांत अवघडतात आणि पटकन बाजूला ठेवून देतात. सकाळी चहाच्या वेळी किंवा औक्षण झाल्यावर घरच्याघरी द्या. देताना काय बघितलंत ते एका वाक्यात सांगा: "छत्रीची काडी मोडलीय ना, म्हणून आणली." एवढंच.

"कशाला आणलंस?" हे नको म्हणणं नव्हे. त्यावर किंमत, डिस्काउंट, ब्रँड काही समजावत बसू नका.

सावधान: जुनी वस्तू त्याच दिवशी टाकून देऊ नका. दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या. नव्या सॅकमध्ये किल्लीची रिंग, पासचं कव्हर, बाटली सगळं नवऱ्याने स्वतः हलवलं, त्याला अकरा दिवस लागले.

टप्पा ९: पंधरा दिवसांनी परत बघा

वापरतोय का ते बघा, विचारू नका. वापरत नसेल तर तेव्हा मात्र सरळ विचारा, "कुठे टोचतंय? घट्ट आहे की जड?" असा ठरावीक प्रश्न विचारला की उत्तर येतं, "आवडलं का?" विचारलं की "छान आहे" येतं आणि वस्तू कपाटात जाते. बदलायची मुदत शिल्लक असेल तर त्याच आठवड्यात बदलून आणा, पाकिटातलं बिल यासाठीच ठेवलं होतं.

मग फोनमधली जुनी नोंद पुसू नका, मापं तशीच ठेवा आणि खाली नवीन लिहायला सुरुवात करा. बाबांच्या नोंदीत कालच भर पडलीय: "चष्म्याची दांडी, डावीकडे, दोरा गुंडाळलाय."